पगाराचा आकडा आणि राहण्याचे गाव



अमेरिकेतील दुसऱ्या राज्यातून वाढीव पगाराच्या नोकरीचे पत्र आले, की आपण प्रथम आकडा पाहतो. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही हे खरे. परंतु तेथील घरपट्टी भारी आहे, हे पत्रात लिहिलेले नसते. आरोग्यविमाही बहुधा नोकरीलाच बांधलेला असतो. घरात मधुमेही वा गर्भवती व्यक्ती असता विम्यात एका महिन्याचा खंडही किती महाग पडतो, हे आम्ही वैद्यक जाणतो. ‘कोब्रा’ कायद्यान्वये जुना विमा सामान्यतः १८ महिने चालू ठेवता येतो. मात्र संपूर्ण हप्ता आपणांसच भरावा लागतो. म्हणून नवा विमा कोणत्या तारखेस सुरू होईल, हे आपण लेखी मागून घ्यावे.

१९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद मानाचे होते. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात कोणी निवारा देईना. अखेर ती नोकरी सोडावी लागली. आज आपणांस घर मिळते. तरीही शेजार, शाळा आणि आपली माणसे यांचा विचार पगाराइतकाच अगत्याचा आहे. सही करण्यापूर्वी आपण सहकुटुंब ते गाव पाहून यावे आणि पत्नीचे व मुलांचे मत घ्यावे.