पट्टकादंब उजनीला येतात

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण. तिथं उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत पट्टकादंब उतरतात. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हंसांच्याच कुळातले हे पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. ७,००० मीटरहून उंच उडताना त्यांची नोंद झाली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू पटकन धरून ठेवतं.

इंग्रजी अमदानीत अशा पाणपक्ष्यांची शिकार हा मानाचा खेळ होता. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी पडले! १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही परवाना काढून काही पक्षी मारता येत. १९९१च्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली.

शिकारीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खराच आहे. भरतपूरचं पाणथळ राखलं गेलं ते शिकारीपायीच. अमेरिकेत १९३४पासून शिकाऱ्यांना विकलेल्या तिकिटांच्या पैशातून पाणथळ जागा वाचवल्या जातात, आणि काही राज्यांत टुंड्रा हंसांची मोजकी शिकार आजही चालते. तरी मला भिगवणची वाट अधिक पटते. इथले मच्छीमार पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात आणि जिवंत थव्यावर त्यांच्या घरात चार पैसे येतात.

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, भल्या सकाळी जा. होडी थव्यापासून लांब ठेवायला नावाड्याला आवर्जून सांगा. पक्षी वारंवार उडवले, तर परतीच्या हिमालयासाठी साठवलेली चरबी इथंच खर्च होते.