जुनें फिरतें घर आणि पेट्रोलचा खर्च

अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, पॉन्टिअ‍ॅक या शहरीं, १९७३ ते १९७८ या काळांत जनरल मोटर्स कंपनीनें एक चमत्कारिक वाहन बांधलें. घर म्हणावें तर त्यास सहा चाकें, आणि मोटार म्हणावें तर आंत बिछाने, चूल, न्हाणी व पाण्याची टांकी. जी. एम. सी. मोटरहोम हें त्याचें नांव. प्रारंभीं त्यास ४५५ घन इंचांचें, म्हणजे सुमारें साडेसात लिटरचें, ओल्ड्समोबील इंजिन असे. पुढें ४०३ घन इंचांचें आलें. दैवयोग असा, कीं हें वाहन बाजारांत येतें न येतें तोंच ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाची विक्री रोखली आणि थोड्याच महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले.

तरीही यांपैकीं पुष्कळ गाड्या अद्याप चालत आहेत. अमेरिकन गॅलनास, म्हणजे पावणेचार लिटरांस, त्या आठ ते दहा मैल जातात. आठ आणि दहा यांतील अंतर क्षुल्लक वाटतें; परंतु हजार मैलांस आठच्या हिशेबानें १२५ गॅलन लागतात, दहाच्या हिशेबानें १००. पेन्शनीवर राहणाऱ्या जोडप्यानें दूरच्या लेकीस भेटून यावें कीं गाडी अंगणांतच उभी ठेवावी, हें पुष्कळदां या २५ गॅलनांवर ठरतें.

प्रथम मोजमाप खरें हवें. या गाड्यांचे मूळचे साडेसोळा इंची टायर आतां प्रचारांत नाहींत. मालक सोळा इंची चाकें बसवितात. टायरचा घेर बदलला कीं मैल मोजणारें यंत्र खोटें बोलूं लागतें. हमरस्त्याच्या मैलांच्या खुणांशीं तें ताडून पाहावें, आणि टांकी भरल्यापासून पुन्हां भरेपर्यंतचा हिशेब वहींत मांडावा.

सर्वांत मोठी बचत मात्र पायांत आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६५ मैलांवरून ५५ वर आलें, तर तो पावहिश्शाहून अधिक कमी होतो. आणि घराएवढी रुंद गाडी म्हणजे हवेस आडवी धरलेली भिंतच. अमेरिकन सरकारनें १९७४ च्या जानेवारींत ५५ मैलांची मर्यादा घातली होती; १९९५ सालीं तो कायदा रद्द झाला, हवेचा नियम कांहीं रद्द झाला नाहीं! शिवाय या इंजिनाच्या कार्बुरेटरास चार वाटा असतात, दोन लहान व दोन चांगल्याच मोठ्या. पाय हलका असेल तोंवर लहान वाटांवर काम भागतें. तो खोल गेला कीं मोठ्या उघडतात. पाण्याची टांकी मुक्कामाजवळ भरावी हें ठीक. पण सपाट रस्त्यावर वजनापेक्षां वेगच अधिक खातो.

मग दुरुस्ती. थंडींत मिश्रण दाट करणारी चोकची झडप अडकून राहिली, तर धुरकांड्यांतून काळा धूर निघतो. ठिणगी आगाऊ पाडणारा पडदा फाटला, तर इंजिन चालतें, परंतु पेट्रोल वायां जातें; हा दोष वर्षानुवर्षें ध्यानांत येत नाहीं. प्रवासानंतर सहाही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एखादेंच तापलें असेल तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे.

येथें एका गोष्टीकडे काटकसरीच्या भरांत दुर्लक्ष होतें. आतां तेथील बहुतेक पेट्रोलांत दहा टक्के मद्यार्क असतो. त्यानें मजल सुमारें तीन टक्के घटते, हें सोसवेल. पण जुन्या रबरी नळ्या त्यानें भेगाळतात. ज्या घरांत माणसें निजतात, ज्यांत गॅसची चूल पेटते, त्याखालीं पेट्रोल ठिबकणें म्हणजे काय, हें सांगणें नलगे. प्रत्येक नळी मद्यार्क सोसणारीच घालावी. येथें पैसे वांचवूं नयेत. तसेंच उतारावर गियर सोडून गाडी घरंगळत नेऊं नये. सर्व भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि ऐन वेळीं धरीत नाहींत.

पेट्रोल वांचविण्याच्या जाहिराती करणारीं शंभराहून अधिक साधनें अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें तपासलीं. थोड्याच साधनांनीं थोडासा फरक पडला. कार्बुरेटर काढून विजेवर चालणारी पेट्रोल-पिचकारी बसविणें हा उपाय खरा आहे, परंतु महाग. वर्षास तीन हजार मैल जाणाऱ्यानें नवांवरून दहांवर मजल नेली, तरी ३३ गॅलनच वांचतात. ती बसवावयाचीच, तर थंडींत इंजिन चटकन् सुरू व्हावें आणि उंच डोंगरावर तें गुदमरूं नये म्हणून बसवावी.