सिगारेट सुटली, निकोटीन उरले

(पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



किशोरवयीन मुलांमधील ई-सिगारेटचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही सिगारेटकडे नेणारी पहिली पायरी आहे. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांनी धूर सोडून वाफ घेतली तर त्यात बिघडले काय? हा वाद सर्वांत जास्त गाजला तो अमेरिकेत. आणि तेथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घडले ते आकड्यांनिशी पाहिले, तर दोन्ही पक्षांची पंचाईत होते.

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या धूम्रपानाने १९९७ च्या सुमारास कळस गाठला होता. मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी जी पाहणी करते, तिच्यानुसार त्या वर्षी बारावीच्या ३६.५ टक्के विद्यार्थ्यांनी मागील तीस दिवसांत सिगारेट ओढलेली होती. मग तो समाज खडबडून जागा झाला. लहान मुलांना भुरळ घालणारे उंटाचे प्रसिद्ध व्यंगचित्र कंपनीला १९९७ मध्ये मागे घ्यावे लागले, १९९८ मध्ये सेहेचाळीस राज्यांनी बड्या तंबाखू कंपन्यांना तडजोडीचा करार करण्यास भाग पाडले, सिगारेट महाग झाली आणि सार्वजनिक ठिकाणी ती ओढणे अवघड झाले. प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. हे श्रेय त्या समाजाला दिलेच पाहिजे. पाश्चात्त्यांचे जे जे ते ते टाकाऊ असे म्हणून मोकळे होणे हा विचाराचा आळस आहे.

याच उतरणीच्या काळात ई-सिगारेट अवतरली. तिचे आजचे रूप २००३ मध्ये चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने सिद्ध केले. त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि तो स्वतः धूम्रपानात बुडालेला होता. प्रौढ व्यसनी माणसाला धुरापासून सोडवावे, हा त्याचा हेतू. तो सर्वथा खोटा होता असेही नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा हे उपकरण अधिक उपयोगी पडते, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. परंतु ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या चौदा वर्षांच्या मुलाला यातून काय सोडवायचे होते?

२०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ‘जूल’ बाजारात आले. संगणकाच्या पेन ड्राइव्हसारखे दिसणारे, मुठीत मावणारे, आंबा-पुदिन्याच्या स्वादाचे. त्याची खरी करामत मात्र रसायनाची होती. जुन्या ई-सिगारेटमधील निकोटीनचे प्रमाण वाढवले की ते घशाला झोंबत असे. जूलने बेंझोइक आम्लाच्या साहाय्याने निकोटीनचा क्षार वापरला आणि ती झोंब घालवली. मग एका मिलिलिटरमध्ये ५९ मिलिग्रॅम निकोटीन घातले तरी घसा तक्रार करीना. युरोपीय संघाच्या कायद्याने हीच मर्यादा २० मिलिग्रॅम ठेवली आहे. सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला नवख्याला जो ठसका लागतो, तो निसर्गाने दारात उभा केलेला पहारेकरीच होय. या नव्या युक्तीने त्या पहारेकऱ्यालाच झोपवले. दुसरा पहारेकरी होता वास. सिगारेट ओढून आलेल्या मुलाचे कपडे आईपाशी चुगली करीत. आंब्याचा सुवास काय चुगली करणार?

परिणाम सर्वश्रुत आहे. अमेरिकी शासनाच्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार, माध्यमिक शाळेच्या वरच्या चार इयत्तांतील ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये १.५ टक्के होते, ते २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तेथील सर्जन जनरलने याला साथीचा रोग म्हटले.

आता मूळ प्रश्न. ही मुले पुढे सिगारेटकडे गेली का? २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथील दहा शाळांतील मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ई-सिगारेट चाखलेली मुले वर्षभरात सिगारेट वा तत्सम धूम्रपान सुरू करण्याची शक्यता इतरांहून स्पष्टपणे अधिक आढळली. त्यानंतरच्या बहुतेक अभ्यासांनीही हेच दाखवले. परंतु येथे एक मेख आहे. जो मुलगा धाडसापोटी, संगतीपोटी किंवा घरातील अशांततेपोटी एक गोष्ट चाखतो, तोच दुसरीही चाखण्याचा संभव असतो. पावसाळ्यात छत्र्याही वाढतात आणि सर्दीही वाढते. म्हणून छत्रीने सर्दी होत नाही. संशोधक अशा बाबींचा हिशेब वजा करू पाहतात, पण तो संपूर्ण वजा होतोच असे नाही.

शिवाय समग्र आकडे वेगळेच बोलतात. २०११ ते २०१९ या काळात ई-सिगारेट गगनाला भिडत असताना त्याच मुलांमधील सिगारेटचे प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर उतरले. वाफ ही धुराकडे नेणारी सरळ वाट असती, तर एवढी घसरण दिसती ना. यावरून दुसऱ्या पक्षाने विजयाची तुतारी फुंकली: पाहा, वाफेने मुलांना सिगारेटपासून वाचवले! सॅन फ्रान्सिस्कोने स्वादयुक्त तंबाखू-उत्पादनांवर बंदी घातल्यावर तेथील मुलांत सिगारेट वाढली, असा निष्कर्ष मांडणारा निबंधही २०२१ मध्ये आला. त्यातील माहिती बंदीची अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीची आहे, असा आक्षेपही लगोलग आला. तुतारी मात्र फार काळ टिकली नाही. २०१९ नंतर ई-सिगारेटही ओसरली आणि २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर आली. मधल्या महामारीने पाहणीच्या पद्धतीत फरक पडला, हे खरे. परंतु वाफ मुलांना सिगारेटपासून रोखून धरत असती, तर वाफ ओसरताच सिगारेट उसळायला हवी होती. ती १.७ टक्क्यांवर उतरली.

मग खरे नाते कोणते? ते एका लहानशा आकड्यात दडलेले आहे. २०१७ ते २०१८ या एकाच वर्षात तंबाखूजन्य उत्पादनांपैकी कोणतेही एक वापरणाऱ्या या मुलांचे प्रमाण १९.६ वरून २७.१ टक्क्यांवर गेले. सिगारेट जवळपास होती तेथेच राहिली. वाढ झाली ती ई-सिगारेटमुळे. म्हणजे ही केवळ सिगारेट सोडून वाफेकडे आलेली मुले नव्हेत. जी मुले सिगारेटला कधी हाताशी लागली नसती, तीही जाळ्यात आली. सिगारेट ही जुनी बैलगाडी. ती मोडकळीस आल्यावर निकोटीनने वाहन बदलले आणि जाताना नवे प्रवासी उचलले.

गाडीच्या मालकाकडेही पाहावे लागते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये जूलमधील ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलर मोजून विकत घेतला तो आल्ट्रिया कंपनीने. अमेरिकेत मार्लबोरो सिगारेट विकते ती हीच कंपनी. हा सौदा पुढे तिच्या अंगाशी आला आणि २०२३ मध्ये तिने तो हिस्सा सोडला, हा भाग वेगळा. किशोरांना लक्ष्य करणाऱ्या विक्रीतंत्राबद्दल जूलला २०२२ मध्ये तेहतीस राज्यांशी सुमारे ४३ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्याच जूलच्या तंबाखू व मेंथॉल स्वादांना अमेरिकी औषध प्रशासनाने विक्रीची अधिकृत अनुमती दिली.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांतील मुले याच शाळांत शिकतात. तेथील पालक ‘आमचा मुलगा सिगारेटला शिवत नाही’ म्हणून निश्चिंत असतील, तर त्यांनी प्रश्न बदलायला हवा. सिगारेट ओढतोस का, असे न विचारता निकोटीन घेतोस का, असे विचारावे. आणि उत्तर ऐकताना आवाज चढू देऊ नये, कारण पहिल्याच आरडाओरडीनंतर मूल दुसऱ्यांदा खरे बोलत नाही.

भारताने हे वादळ दारात येताच दार लावून घेतले. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सारे निषिद्ध. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड. चोरटी विक्री अजून थांबलेली नाही, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यास ठाऊक आहे. परंतु भारतातील प्रमाण ध्यानात घ्यावे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. ई-सिगारेट कधी ना कधी चाखलेले होते २.८ टक्के. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा कायदा २००३ चा आहे. सुट्या सिगारेटवर महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये बंदी घातली. आपल्या वस्तीतील शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत किती पावले भरतात, हे कार्यकर्त्यांनी एका सायंकाळी मोजून पाहावे.

दरम्यान अमेरिकेत वाहन पुन्हा बदलत आहे. २०२४ च्या पाहणीत शाळकरी मुलांमध्ये ई-सिगारेटच्या खालोखाल क्रमांक लागला तो निकोटीनच्या इवल्या पुड्यांचा: १.८ टक्के. सिगारेट त्यांच्याही मागे, १.४ टक्क्यांवर. ही पुडी ओठ आणि हिरडी यांमध्ये ठेवायची. धूर नाही, वाफ नाही, थुंकण्याचीही गरज नाही. तंबाखूची चिमूट ओठाआड धरणाऱ्या महाराष्ट्राला ही युक्ती नवी नाही. नवा आहे तो पुदिन्याचा स्वाद आणि देखणी गोल डबी.