'ड' तुकडीतून दोन शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला "तुझ्या विषयावर दहा मिनिटं बोल" असं सांगितलं. तीस वर्षं मी कारखान्याच्या कार्मिक विभागात काढली. माणसं अशी का वागतात, हाच माझ्या पोटापाण्याचा विषय. पण त्याचा पहिला धडा मला याच इमारतीत मिळाला, जिन्याखालच्या त्या खोलीत. ती खोली म्हणजे आठवी 'ड'. सातवीच्या मार्कांवर तुकड्या पडल्या आणि मी तिथे जाऊन बसलो.

कॉलेजात गेल्यावर एक प्रयोग वाचला. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका, अशा दोघांनी 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत तो केला. मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं, की यातली अमुक मुलं यंदा झपाट्याने पुढे येणार आहेत. खरं म्हणजे ती नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडलेली होती, सुमारे पाचातलं एक मूल. वर्षअखेरीला पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिली-दुसरीतली ती मुलं बाकीच्यांपेक्षा खरोखरच पुढे गेलेली दिसली. 1968 साली यावर पुस्तक आलं आणि जगभर गाजलं.

त्यावर टीकाही भरपूर झाली. चाचणीतच दोष होते असं तज्ज्ञांनी दाखवलं. वरच्या इयत्तांत फरक फारसा दिसलाच नव्हता. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम असतो, पण गाजावाजा झाला तेवढा मोठा नसतो, असं दिसलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शिक्षक मुलांना आधीपासून ओळखत असतील, तर असल्या खोट्या शिफारशीचा परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणजे शिक्का चालतो तो अनोळखी कपाळावर. ओळख झाली की तो पुसट होतो.

हे वाचलं आणि मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही मला फळ्याजवळ बोलवायच्या आणि थांबायच्या. मी खडू हातात धरून उभा, मागून हसू, आणि तुम्ही नुसत्या थांबलेल्या. 'ड' तुकडीत उत्तराची वाट कोणी बघत नसे, पुढच्याला विचारत. रोझेन्थाल यांनीही नंतर हेच सांगितलं: ज्याच्याकडून अपेक्षा असते, त्याला शिक्षक बोलायची संधी जास्त देतात, अवघड गोष्टी शिकवायला धजतात, चुकलं तर नीट समजावून सांगतात. अपेक्षा म्हणजे काही जादू नव्हे. ती अशा चार-पाच लहान कृतींतून मुलापर्यंत पोचते.

आता माझी चूक सांगतो. कारखान्यात उशिरा येणाऱ्यांसाठी मी नियम केला: दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. मला वाटलं, माणसं वेळेवर येतील. झालं उलटंच. पूर्वी पाच-दहा मिनिटांनी धावत येऊन "साहेब, गाडी चुकली" म्हणणारा माणूस आता निवांत जेवणाच्या सुट्टीनंतर येऊ लागला. पगार कापला गेलाच आहे, तर घाई कशाला?

इस्राएलमधल्या हैफा शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी पाळणाघरांत हेच पाहिलं होतं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती, आता त्याचे पैसे मोजून झाले होते. पुढे दंड काढून टाकला, तरी जुनी वेळ परत आली नाही. मीही माझा नियम मागे घेतला. पण ते धावत येणं काही परत आलं नाही.

बाजारातल्या संशोधनाबद्दल एवढंच सांगतो, की मुरंब्याच्या चोवीस बरण्या मांडल्या तर गर्दी जास्त जमली, पण सहाच मांडल्या तेव्हा खरेदी कितीतरी जास्त झाली, असं एका प्रयोगात दिसलं. नंतर तसे बरेच प्रयोग झाले. काहींत तसं दिसलं, काहींत उलट. साडीच्या दुकानात बसलेल्या नवऱ्यांनी मात्र पहिल्याच प्रयोगावर विश्वास ठेवावा.

शेवटी एक विनंती. आजच्या मेळाव्याची यादी शाळेच्या दहावीच्या निकालावरून केली. मी ती तीनदा वाचली. माझ्या बाकावर शेजारी बसणारा मित्र तिच्यात नाही. तो नववीत नापास झाला, शाळा सुटली, आणि आपण चाळीस वर्षं त्याला माजी विद्यार्थी मोजलंच नाही. असे 'ड' तुकडीतले आणखी कितीतरी जण आहेत. डबा त्यांनीही इथेच खाल्ला, प्रार्थनेला तेही आपल्याच रांगेत उभे राहिले. निकालाच्या कागदावर नाव नव्हतं, म्हणून त्यांना निमंत्रण गेलं नाही. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. शिक्के असेच बिनहेतू चालू राहतात.

संयोजकांनो, पुढच्या वेळी यादी आठवीच्या हजेरीपटावरून करा. पत्ते शोधायचं काम माझ्याकडे द्या. आणि ते आले, संकोचून दाराशी उभे राहिले, तर आपण बाईंसारखं जरा थांबू.