देवीची माहेरची नावे, सासरची नावे

(मंडळाच्या गणेशोत्सवात ज्येष्ठागौरी पूजनाच्या दिवशी सायंकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी प्रवचनकार नाही. स्थापत्याची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे राज्य शासनाच्या पाण्याच्या खात्यात उपयंत्री म्हणून काम करतो. संस्कृत शाळेत होते तेवढेच. पण घरात नवरात्रात सप्तशतीचा पाठ असे आणि वडील पाठ झाल्यावर एकेका नावाचा अर्थ सांगत. पुढे ती सवय मला लागली. म्हणून सचिवांनी 'देवीची नावे' या विषयावर बोला म्हटल्यावर मी हो म्हटले.

गौरीचा दिवस आहे, म्हणून माहेरापासून सुरुवात करू. आपल्याकडे गौर माहेरी येते असे म्हणतात. कोणाकडे मुखवट्यांच्या ज्येष्ठा-कनिष्ठा असतात, त्यांना आपण महालक्ष्म्या म्हणतो. कोणाकडे नदीवरून आणलेल्या खड्यांच्या गौरी असतात. अनुराधा नक्षत्रावर येणे, ज्येष्ठेवर जेवणे, मुळावर निरोप. तीन दिवसांचे माहेरपण. आता या माहेरवाशिणीची नावे बघा. पार्वती म्हणजे पर्वताची. गिरिजा, शैलजा, हैमवती या सगळ्यांचा अर्थ तोच, हिमालयाची लेक. त्याआधीच्या जन्मातले दाक्षायणी हे दक्षाची मुलगी म्हणून. ही सगळी माहेरची नावे.

मग सासरची. शंकराचे एक नाव भव, त्यावरून भवानी. शर्वावरून शर्वाणी, रुद्रावरून रुद्राणी, मृडावरून मृडानी. नवऱ्याच्या नावावरून बायकोचे असे नाव कसे करायचे याचा नियम पाणिनीने घालून दिला आहे आणि त्यात हीच नावे आहेत, म्हणजे ती किती जुनी ते बघा.

यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. देवीचे लग्न झाले म्हणून पार्वती हे नाव कोणी काढून घेतले नाही. कैलासावर राहूनही ती 'पर्वताची लेक'च राहिली. सासरचे नाव वरून आले, माहेरचे खाली तसेच आहे, आणि दोन्ही नावांनी हाक मारली की ती येते. आपल्या घरात काय होते? ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे. वीस-पंचवीस वर्षे जे नाव ऐकले की मुलगी मागे वळून बघायची, ते त्या दिवसापासून बंद. या विषयाकडे मी परत येणार आहे. आधी नावांची गंमत बघू.

चार दिवसांपूर्वी आपल्याकडे हरितालिका झाली. दगडाची किंवा वाळूची पिंडी, पत्री, कडक उपास, सगळे केले. पण हरितालिका म्हणजे काय? 'आली' म्हणजे मैत्रीण. मैत्रिणीने जिला पळवून नेली ती हरितालिका. वडिलांनी विष्णूशी लग्न ठरवले, मुलीच्या मनात शंकर, तेव्हा सखीने तिला घरातून उचलले आणि रानात नेऊन ठेवले. म्हणजे आपण दरवर्षी ज्या मुलीची पूजा करतो, ती ठरलेले लग्न मोडून मैत्रिणीबरोबर निघून गेलेली मुलगी आहे. समोर बसलेल्या काही वडीलधाऱ्यांना हे ऐकून जरा अवघडल्यासारखे झाले असेल, पण व्रताच्या कथेत हेच आहे.

उमा हे नाव तर आईच्या रागातून आले. कालिदासाने कुमारसंभवात सांगितले आहे की मुलगी तपाला निघाली तेव्हा मेना म्हणाली, 'उ, मा!' म्हणजे 'अगं, नको!' तेच नाव पडले. आईने ज्याला नको म्हटले ते करणारी ती उमा. त्याच तपात तिने आधी गळून पडलेली पाने खाल्ली आणि नंतर तीही सोडली, म्हणून अपर्णा, पानही न खाणारी. हा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो.

पण अपर्णा या नावाचा दुसरा एक अर्थ मला जास्त आवडतो, आणि तो सांगणारा माणूस आपल्यासारखाच बाहेर स्थायिक झालेला मराठी होता. ललितासहस्रनाम ब्रह्मांडपुराणात आहे, हयग्रीवाने अगस्त्यांना सांगितलेले. त्यावरची सर्वांत मान्य टीका 'सौभाग्यभास्कर', आणि ती लिहिली अठराव्या शतकातल्या भास्कररायांनी. मूळचे महाराष्ट्रीय देशस्थ घराणे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य उभे केले होते, त्या मुलखात कावेरीच्या काठी भास्करराय जाऊन राहिले. त्यांच्या नावाचे गाव तिथे आजही आहे. दक्षिणेत घरोघर सहस्रनामाचा पाठ चालतो, त्याचा अर्थ लावताना या मराठी पंडिताचाच आधार घेतात.

भास्करराय म्हणतात, अपर्णा हा शब्द 'अप' आणि 'ऋण' असाही फोडता येतो. जिच्यावर ऋण नाही ती. कोणाचे देणे शिल्लक ठेवत नाही ती. आणि एके ठिकाणी त्यांनी देवीलाच पेचात धरले आहे. मी तुझे नाम घेतो आहे, त्याबदली माझे जे देणे लागतेस ते अजून दिले नाहीस, मग अपर्णा हे नाव तुला जड कसे होत नाही? इतक्या मोठ्या उपासकाने देवीला सावकारासारखा तगादा लावावा, हे वाचून मला हसू आले होते. घरच्या माणसाशीच असे बोलता येते.

सहस्रनामात अपर्णेच्या लगेच पुढचे नाव आहे चंडिका. उपाशी राहून तप करणारी आणि लगोलग चंड, रागावलेली. दोन नावे शेजारी बसवताना करणाऱ्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, पण घरात दिवसभर उपास करून संध्याकाळी सतरा जणांचे ताट वाढणारी बाई ज्याने पाहिली आहे त्याला हा क्रम चुकीचा वाटणार नाही.

आता आजचे नाव, गौरी. गौर म्हणजे गोरा, एवढेच आपण धरून चालतो. अमरकोशात गौर या शब्दाचे अर्थ पांढरा, तांबूस आणि पिवळा असे तिन्ही आहेत. आपल्या गौरीला हळद लावतात, त्या हळदीचा रंगही गौरच. कथा अशी की पार्वती मुळात सावळी. शंकराने थट्टेत तिला काळी म्हटले, ती रागावली, निघून गेली, तप केले आणि काळी त्वचा कोशासारखी उतरवून ठेवून उजळ झाली. त्या कोशातून निघाली ती कौशिकी. पण सप्तशतीचा पाचवा अध्याय काढा. तिथे नेमके उलटे आहे. पार्वतीच्या देहकोशातून कौशिकी बाहेर पडली आणि मागे राहिलेली पार्वती काळी झाली, म्हणून ती कालिका. एका ठिकाणी काळीची गौरी झाली, दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रसंगातून काळी झाली. दोन्ही पुराणे आपलीच आणि दोन्ही रंग तिचेच. आपल्या समाजाच्या वधूवर सूचकात 'गोरी' हा शब्द अजून किती वेळा येतो ते वाचणाऱ्यांनी मोजावे. मला फक्त इतकेच म्हणायचे आहे की गौरी या नावाचा त्याला आधार सापडणार नाही.

माझ्या कामाशी जवळची नावे दोन. सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी स्वतः सांगते की पुढे मी कोणकोणत्या कारणाने कोणत्या नावाने ओळखली जाईन. शंभर वर्षांचा दुष्काळ पडेल, पाणी नसेल, मुनी माझी स्तुती करतील, तेव्हा मी शंभर डोळ्यांनी त्यांच्याकडे बघेन आणि माणसे मला शताक्षी म्हणतील. मग पाऊस येईपर्यंत स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर जग जगवेन, म्हणून शाकंभरी. आणि तिथेच दुर्गम नावाचा असुर मारेन, म्हणून दुर्गा. देवीभागवतात याच्यापुढे जाऊन सांगितले आहे की लोकांची दशा बघून तिच्या डोळ्यांतून नऊ दिवस पाणी वाहिले आणि तोच पाऊस झाला.

मी उन्हाळ्यात टंचाईच्या पाहणीला जातो. हँडपंप किती बंद, विहिरीत पाणी किती हात खाली, टँकर कोणत्या वस्तीला. पहिली पायरी म्हणजे जाऊन बघणे. जो बघत नाही त्याच्या कागदावर दुष्काळ नसतोच. त्यामुळे या कथेतला क्रम मला एकदम पटला. आधी डोळे, मग भाजी, मग पाऊस. पाऊस शेवटी. तोवर जगवायचे कसे याचा विचार मध्ये केलेला आहे. पौषात शाकंभरी नवरात्र असते आणि बदामीजवळच्या बनशंकरीला भाज्यांचा नैवेद्य असतो, तो याच देवीला. आज आपल्या घरी सोळा भाज्या झाल्या. शास्त्रात त्यांचा संबंध शाकंभरीशी जोडला आहे असा माझा दावा नाही, पण चिरताना मला तीच आठवते.

शताक्षी, शाकंभरी, दुर्गा, चामुंडा ही नावे माहेरचीही नाहीत आणि सासरचीही. ती तिच्या कामाची. इंदूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. चौंडीच्या शिंद्यांची लेक, मल्हारराव होळकरांची सून, आणि लोकांनी तिच्या कामामुळे लावलेले 'देवी'. विमानतळावर, विद्यापीठावर आपण ते रोज वाचतो.

आता मघाचा विषय. माझ्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंचे यजमान निवृत्त शिक्षक होते. ते गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला. शाळेच्या दाखल्यावर बाईंचे माहेरचे नाव, सेवापुस्तिकेत सासरचे, आणि बँकेत कोणा बाबूने सासरच्या नावाला 'बाई' जोडून तिसरेच केलेले. आधारवर आणखी वेगळी वेलांटी. मी सरकारी माणूस, मला वाटले माझ्या शब्दाने काम होईल. झाले नाही. चौदा महिने गेले. त्या वयात त्यांना मुद्रांक कागदावर शपथ घेऊन लिहून द्यावे लागले की अमुक आणि तमुक या दोन्ही एकच बाई आहेत आणि ती मीच आहे. दोनदा. सही करताना त्या मला म्हणाल्या, "अरे, माहेरचे नाव मी पन्नास वर्षांनी लिहिते आहे, हात वळत नाही बघ."

ज्यांनी त्यांचे नाव बदलले ती माणसे वाईट नव्हती. रीत होती, प्रेमानेच ठेवले असेल. पण हजार नावांच्या देवीचे एकही नाव रद्द झालेले नाही, आणि आपण घरच्या लक्ष्मीला दुसरे नाव देताना पहिले काढून घेतो, याचा मेळ मला लागत नाही. हल्ली बरीच मुले नाव बदलत नाहीत. काही घरांत अजून सासूबाईंचा आग्रह असतो. अंगठीने तांदळात नाव लिहायचा सोहळा हवाच असेल तर तिचे जे आहे तेच लिहा, तांदळाला काही फरक पडत नाही.

पण ज्यांची बदलून झाली त्यांचे काय? अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष. तर्पणात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावे घ्यायची असतात. गुरुजी पणजीचे नाव विचारतात आणि घरातली माणसे एकमेकांकडे बघतात. खापरपणजोबा कोणत्या सरदाराबरोबर दक्षिणेतून इकडे आले, कोणत्या वाड्यात उतरले, कोणती सनद मिळाली, हे सगळे पाठ असते. आपल्यातल्या बऱ्याच घरांच्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. पुरुषांची आठ-आठ, दहा-दहा पिढ्यांची नावे. बायकांच्या जागी रेघ, किंवा फक्त सासरचे नाव. कुलदेवी तुळजापूरची, कोल्हापूरची की माहूरची हे अडीचशे वर्षे आपण विसरलो नाही. आणि तिचा नैवेद्य पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी रांधला त्यांची नावे दोन पिढ्यांत पुसली गेली.

जी आजी, मावशी, आत्या आज घरात आहेत त्यांना विचारता येईल. त्यांना त्यांच्या आईचे, आजीचे माहेरचे नाव माहीत असते. या वर्षी असते, पुढच्या वर्षीचे सांगता येत नाही.

सचिवांशी बोलून एक केले आहे. दाराजवळच्या टेबलावर, देणगीच्या पावत्यांशेजारी, एक मोठी वही ठेवली आहे. आपल्या घरातल्या आई, आजी, पणजी, जितक्या आठवतील तितक्या, त्यांचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव, मग सासरचे नाव, असे रकाने आखले आहेत. वही अनंत चतुर्दशीपर्यंत तिथेच राहील. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ही यादी छापायची असे कार्यकारिणीने ठरवले आहे. पेन बांधून ठेवले आहे, ते नेऊ नये ही विनंती. अक्षर सुवाच्य काढावे, आणि वेलांट्या नीट तपासाव्यात.