‘अफ्रेड’ या शब्दाचे अध्यापन



महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. पूर्वी जे शब्द पाचवीनंतर भेटत, ते आता लहान वयातच मुलांसमोर येतात. त्यांपैकी ‘अफ्रेड’ हा शब्द सोपा दिसतो. परंतु वाक्यात तो हमखास चुकतो.

अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातील गोदाकाठचे मूल ‘मला नदीची भीती वाटते’ असे सहज बोलते. तेच इंग्रजीत सांगावयास लावले, तर ‘आय ॲम फिअर’ किंवा ‘आय अफ्रेड रिव्हर’ असे काहीतरी ऐकू येते. ही चूक आळसाची नव्हे. ती मातृभाषेच्या रचनेतून उद्भवते. मराठीत ‘भीती’ हे नाम आहे. ती वाटते, आणि ज्याला वाटते तो ‘मला’ असा चतुर्थीत येतो. इंग्रजीत मनुष्य हा कर्ता, आणि ‘अफ्रेड’ हे त्याचे विशेषण. म्हणून दोहोंमध्ये ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ हवेच. फळ्यावर ‘आय ॲम टॉल’ आणि त्याखाली ‘आय ॲम अफ्रेड’ अशी वाक्ये लिहावीत. सांगाडा एकच आहे, हे मुलांच्या ध्यानी येते.

यानंतर या शब्दाचे सोबती शिकवावेत. ज्या वस्तूची भीती, तिच्यामागे ‘ऑफ’ येते: ‘आय ॲम अफ्रेड ऑफ स्नेक्स’. हिंदी कानावर असलेली मुले ‘से’च्या सवयीने येथे ‘फ्रॉम’ घालतात. ते चूक होय. कृतीची भीती असेल तर ‘टु’: ‘शी इज अफ्रेड टु स्पीक’. परंतु ‘फॉर’ आले की अर्थच पालटतो. ‘अफ्रेड ऑफ माय मदर’ म्हणजे आईची भीती. ‘अफ्रेड फॉर माय मदर’ म्हणजे आईविषयी काळजी. ज्यांचे आईबाप ऊसतोडीस गेले आहेत आणि जी आजीपाशी राहतात, त्या मुलांना हा भेद समजावून सांगण्यास दुसरे उदाहरण नको.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे विशेषण नामापूर्वी येत नाही. ‘ॲन अफ्रेड बॉय’ असे न म्हणता ‘अ फ्राइटन्ड बॉय’ म्हणावे. तसेच ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट कम’ या वाक्यात भीती मुळीच नाही. ‘मला येता येणार नाही, क्षमस्व’ एवढाच त्याचा सौम्य आशय आहे.

सरावासाठी प्रत्येक मुलाने स्वतःचे एक वाक्य रचावे. एखादे मूल भीतभीत म्हणेल, ‘आय अफ्रेड इंग्लिश.’ अशा वेळी शिक्षकाने प्रथम अर्थ ऐकावा, ‘ॲम’ आणि ‘ऑफ’ यांची भर मागाहून घालावी. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. तथापि चुकण्याची धास्ती केवळ कायद्याने जात नाही. ती वर्गातील हसू थांबविल्याने आणि शिक्षकाच्या शांत स्वराने जाते. त्याच मुलाने वर्षअखेरीस ‘आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ इंग्लिश’ असे म्हटले आणि ते खरेही असले, तर व्याकरण आणि अध्यापन दोन्ही सिद्धीस गेले असे समजावे.