प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यातली तक्रार

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अब्बांचे शिलाईचे दुकान होते. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक मशीन आणि फळीवर टेपरेकॉर्डर. ऐंशीच्या दशकात त्या टेपवर दोनच कॅसेटी फिरत. एक कव्वालीची, दुसरी प्रल्हाद शिंदे यांची. फीत अडकली की अब्बा पेन्सिल घालून ती आवळत, आणि मशीन पुन्हा सुरू.

प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. जन्म 1933 चा, निधन 23 जून 2004 रोजी. विठ्ठलाची गाणी, भीमगीते, कव्वाल्या, सगळे त्यांनी गायले. तरुणपणी ते इस्माईल आझाद कव्वालांच्या पार्टीत कोरसला होते. मला हे फार उशिरा कळले. अब्बांच्या कानांना आधीच कळले असावे, कारण दोन्ही कॅसेटी ते एकाच घरातल्या समजत.

पंढरीच्या वाटेचे त्यांचे गाणे तुम्हाला ठाऊक आहे. गीत दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची. शेगावची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा ते कुठे ना कुठे कर्ण्यावर लागतेच. आपण ते भक्तिगीत म्हणून ऐकतो. पण नीट ऐका. त्यातला माणूस पुण्य जोडायला निघालेला नाही. ताटात भाकरी नाही, सोयऱ्यांनी पाठ फिरवली आहे, म्हणून त्याचे पाय तिकडे वळतात.

बहिणीच्या लग्नाला पैसे कमी पडले, तेव्हा अब्बा मला घेऊन परभणीला एका नातेवाइकाकडे गेले होते. चहा मिळाला, पैसे नाही मिळाले. एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत. गावात उतरून त्यांनी टपरी उघडली, पण मशीनवर बसले नाहीत. ती कॅसेट लावली. सोयऱ्यांचे कडवे आले तसा आवाज वाढवला. बी.ए.ला करुणरस शिकलो तो नंतर.

दुसऱ्या एका गाण्यात तर प्रल्हादजी देवालाच विचारतात, सुख नावाची गोष्ट मला दाखवणार आहेस की नाही? शब्द विनवणीचे आहेत, पण गळा मोकळा आणि पट्टी वरची. मागणारा मान खाली घालत नाही. शहरी रसिकांना हा आवाज भडक वाटे. कॉलेजात भावगीते ऐकू लागलो तेव्हा मलाही वाटला, आणि त्याची आज लाज वाटते. आमच्या जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव तरी विठ्ठलाशी कुठे हळू बोलत होते? चांगले भांडत. (आणि तेही शिंपीच, असे अब्बा आवर्जून सांगत.)

भीमगीतांत मात्र हाच गळा वेगळा होतो. तिथे तक्रार नाही, मागणे नाही. जे मिळाले त्याची ताठ मानेने दिलेली कबुली आहे. चौदा एप्रिलला वस्तीत ती गाणी लागत, तेव्हा अब्बा आपला टेप बंद ठेवत आणि तिकडे कान देत.

एकदा मी त्यांना विचारले, ‘‘तुम्ही पाच वक्ताचे नमाजी. पंढरीची गाणी कशी काय ऐकता?’’ अब्बांनी दातांनी दोरा तोडला.

‘‘बेटा, ये आदमी भूका रहके गाया,’’ म्हणाले, आणि कॅसेटची बाजू बदलली.